दावं धन्याचं

धुळ्यात जुने लॅपटॉप मिळत नाहीत असं नाही. देवपुरात, योगराज बाविस्करांच्या घरापासून चहा निवायच्या आत पोहोचता येईल इतक्या अंतरावर मोईजचं दुकान होतं आणि त्याच्या काचेवर 'कंपनीतले, कमी वापरलेले' असा कागद चिकटवलेला होता. अडचण एवढीच, की मोईज हा योगराजसरांचा विद्यार्थी. खरं तर अडचण त्याहून मोठी होती. गावात जो कोणी काही विकत असे, तो सरांचा विद्यार्थीच निघे. वीसेक वर्षं तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवलं की नोकरी कायम होत नाही, पण गावची बाजारपेठ मात्र आपल्या हाताखालून गेलेली असते.

सर दिसले की मोईज काउंटरमागून बाहेर येई, खुर्ची पुसे, चहा सांगे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगे, "आपले सर. यांनीच घडवलं." घडवताना सरांनी त्याला दोनदा नापास केलं होतं, तो तपशील मोईज मोठ्या मनानं गाळत असे. आणि ज्या दुकानात आपण 'आपले सर' असतो, तिथं घासाघीस करता येत नाही. सांगितलेली किंमत ऐकायची, मान हलवायची, आणि "बघतो" म्हणून बाहेर पडायचं. शनिवारी योगराज तेवढंच करून आले होते. वर, "मला नको रे, एका मित्राला हवा होता," असंही म्हणाले होते. मोईज म्हणाला होता, "मित्राला पाठवा, सर."

मित्र कुणी नव्हता. मुलगी होती. मृणाली बी.कॉम. झाली, टॅली शिकली, दोन वर्षं अर्ज करत बसली आणि शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं. काम घरूनच करायचं. विम्याचे कागद तपासायचे, चुका शोधायच्या. पगार दर महिन्याला. या 'दर महिन्याला'चा घरात सगळ्यांनाच थोडा धक्का बसला होता. सरांचं मानधन फाइल हलली की येई आणि फाइलला हलायची फारशी आवड नव्हती.

अट एकच: लॅपटॉप स्वतःचा. सोमवारी सकाळी दहाला कंपनीचा माणूस पुण्यात बसून मशीन तपासणार, ते पास झालं की लगेच दिवसभर ट्रेनिंग. जो कनेक्शन तोडेल, त्याच्या जागी यादीतला पुढचा. पत्रात हे मोठ्या गोड भाषेत लिहिलं होतं, पण अर्थ एवढाच होता.

तेव्हा रविवारी जळगावला जायचं ठरलं. जळगावात सरांना कुणी ओळखत नव्हतं.

"एकट्यानं जायचं नाही," प्रमिला म्हणाली. त्यांची बायको. "मागं एकट्यानं कूलर आणलात. तो वारा सोडून सगळं देतो."

"लॅपटॉपमधलं कळणारा कोण आहे आपल्यात?"

"तोताराममामा आहेत ना."

तोतारामआबा हे प्रमिलाचे मामा. एरंडोलला राहत. हयात बैलबाजारात दलाली करण्यात गेली होती. आता बाजारात बैल कमी आणि भाषणं जास्त झाल्यापासून ते घरी असत. लॅपटॉप त्यांनी लांबून पाहिला होता.

"मामांना बैलातलं कळतं गं."

"त्यांना माणसातलं कळतं," प्रमिला म्हणाली. "तुम्हाला दोन्ही कळत नाही."

मृणालीनं कागदावर लिहून दिलं: प्रोसेसर कोणता, रॅम किती, कॅमेरा चालू हवा. कागद सरांनी खिशात ठेवला आणि सकाळची बस धरली.

एरंडोलच्या स्टँडवर आबा चढले. धोतर, टोपी, खांद्यावर लाल रुमाल. बसले, पान काढलं आणि म्हणाले, "काय म्हनतस जवाईबापू? बैल नही, लापटाप लेवाना शे?"

"हो, आबा. जुना. कंपनीतला."

"कामवर जुंपेल व्हता म्हना ना. चांगलं शे. शोभाना बैल लेवानाच नही."

इथपर्यंत सरांनाही पटलं. पुढं आबांनी नियम सांगितले. माल आवडला तरी तोंडावर आणायचं नाही. किंमत तोंडानं बोलायची नाही. आणि जवाईबापूंनी शक्यतो बोलायचंच नाही. योगराज म्हणाले, "बरं." वर्गात रोज तास-दोन तास बोलून कुणी ऐकत नसे. न बोलण्याचा त्यांना त्रास नव्हता.

जळगावात मार्केटच्या वरच्या मजल्यावर ओळीनं तीच दुकानं होती. पहिल्या तीन दुकानांतून आबा उंबऱ्यावरूनच परतले. "हाऊ फार हासस," एका दुकानदाराबद्दल म्हणाले. दुसऱ्याचा माल त्यांनी पाहिलाच नाही. चौथ्या दुकानात फैसल नावाचा तरुण होता. त्यानं एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढं केला. झाकणावर आधीच्या कंपनीचा नंबरचा स्टिकर अर्धवट खरवडलेला होता.

"कॉर्पोरेट पीस आहे, सर. एकाच हातचा वापर. साहेब लोक काय, मेल बघतात आणि बंद करतात."

आबांनी लॅपटॉपच्या पाठीवरून तळवा फिरवला. बिजागरी हलवून पाहिली. मग झाकण उघडलं आणि वाकून बटणांकडे बघत राहिले.

"दात झिजेल शेत," ते म्हणाले.

फैसलनं सरांकडे पाहिलं. सर कॅल्क्युलेटरच्या कपाटाकडे बघत होते.

"साहेब लोक मेल बघतात नही," आबा बटणांवर बोट ठेवत म्हणाले. "हाऊ चांगला राबेल शे. खोड काय शे, ते पहिले सांग."

"खोड म्हणजे, आबा?"

तेवढ्यात मागच्या पडद्याआडून खोकला आला आणि पाठोपाठ एक म्हातारा. पांढरी दाढी, हातात अर्धवट शिवलेली लॅपटॉपची बॅग. त्यानं आबांकडे पाहिलं, आबांनी त्याच्याकडे.

"तोताराम?"

"कादर? मी समजनू तू मरी गया!"

"मीपण तसंच धरलं होतं. बसा, बसा आबा. फैसल, चहा सांग. साखर जास्त. यांना चालते."

कादरभाई हे फैसलचे वडील. एके काळी बैलांचे व्यापारी. या दोघांनी मिळून किती बाजार केले, कुठल्या बैलानं कुणाला लाथ मारली आणि ती कशी योग्यच होती, याची उजळणी झाली. योगराज एका स्टुलावर बसून ऐकत होते. जिथं कुणी ओळखणार नाही म्हणून आपण आलो, तिथं बरोबरच्या माणसाचा मित्र निघाला, हे त्यांच्या नशिबाच्या एकंदर धोरणाला धरूनच होतं. त्यांना थोडी झोप येत होती.

"तर खोड," आबा म्हणाले.

कादरभाईंनी बॅग खाली ठेवली. चेहरा बदलला. "दोन आहेत. उजव्या अंगानं तापतो. आणि बॅटरी दीड तासानं बसते. बसली की उठत नाही."

"अब्बा!" फैसल म्हणाला. बापानं भर दिवसा आपलंच दुकान लुटावं तसा त्याचा आवाज होता. "ते आपण सांगत नसतो."

"खोड लपवून बैल विकला तर तो रात्री चालत परत येतो," कादरभाई म्हणाले. "तारेला बांधलेला असला की दिवसभर चालतो, आबा. त्याची जबान देतो."

सरांनी हळूच मृणालीचा कागद काढला आणि फैसलला दाखवला. प्रोसेसर होता. रॅम होती. कॅमेऱ्यात सरांचा चेहरा दिसला. इतका दमलेला, की आधी त्यांना कॅमेऱ्यातच दोष वाटला. दुसरं मशीन लावून पाहिलं, तोच चेहरा आला.

मग आबांनी खांद्यावरचा लाल रुमाल काढला आणि आपल्या हातावर टाकला. कादरभाईंनी त्याखाली हात घातला. फैसलनं असलं काही कधी पाहिलं नसावं. तो चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला. रुमालाखाली भावाच्या आकड्यासाठी बोटं चाचपली जात होती, दाबली जात होती. वर दोघेही छताकडे बघत होते, जणू खालच्या हातांशी त्यांचा संबंध नाही. एकदा कादरभाई "या अल्ला" म्हणाले. एकदा आबांनी हात काढून घेतला, जोडे पायात सरकवले, मग पुन्हा हात घातला.

"झाया," आबा म्हणाले.

"कितीला?" योगराजांनी विचारलं.

दोघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं, की सरांना आपण श्राद्धाला शिट्टी वाजवल्यासारखं वाटलं. सौदा झाला की आकडा उच्चारायचा नसतो. बाजार बिघडतो.

"पण आबा, पैसे मला द्यायचेत."

"मंग द्या ना."

शेवटी कादरभाईंनी सरांचा फोन घेतला, आकडा स्वतः टाकला, वर तळहात धरला आणि सरांना फक्त पिन टाकू दिला. नेटवर्क नव्हतं. सर फोन घेऊन जिन्यात गेले, मग गच्चीच्या दारात. तिथं एकदाची रक्कम गेली. मेसेज आला. रुमालाखालचा सौदा अखेर बँकेनं फोडला. सरांनी मनात धरलेल्या रकमेपेक्षा आकडा बराच कमी होता. त्यांना आबांचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटायची सवय नसल्यामुळं ते घाईनं खाली आले.

ते जिन्यात होते तेव्हा दुकानात आणखी एक गोष्ट झाली होती. फैसल बॅगेचा रंग निवडायला मागं गेला होता. आबांनी लॅपटॉपला लावलेला चार्जर उपटला, त्याची वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत नीट गुंडाळली, दोन्ही हातांनी कादरभाईंपुढं धरली आणि म्हणाले, "दावं धनीनं."

म्हणजे, दावं धन्याचं. बैल जातो, त्याच्या गळ्यातली दोरी, म्हणजे दावं, जात नाही. विकणाऱ्याच्या गोठ्याची बरकत त्याच्या दाव्याला असते. ते त्याच्याकडे परत करायचं, आणि नवं दावं ज्यानं बैल घेतला त्यानं आणायचं. इतक्या वर्षांत त्या दुकानात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. कादरभाईंनी चार्जर दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि झब्ब्याच्या खिशात घातला. "आबा, रीत ठेवलीत," ते म्हणाले.

हे सगळं सरांना रविवारी संध्याकाळी, धुळ्यात, फोनवर कळलं.

तोवर प्रमिलानं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं होतं आणि त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला होता. मृणालीनं मशीन चालू केलं, कागदाशी ताडून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. मग बॅगेचे सगळे कप्पे उघडले.

"पप्पा, चार्जर?"

सरांनीही बॅगेचे तेच कप्पे उघडले. माणसाला वाटतं, आपण उघडला की कप्पा वेगळा असेल.

फैसलनं फोनवर आधी चार्जर दिल्याची शपथ घेतली, मग बापाला विचारलं. "सर, अब्बांकडे आहे. घरी आणून खुंटीला टांगलाय. काढू देत नाहीत."

"त्यांना फोन द्या."

कादरभाई फोनवर आले. "सर, माझ्या बरकतीचं जाऊ द्या. पण परत घेतलेलं दावं पुन्हा त्याच बैलाला लावलं, तर बैल नव्या घरी टिकत नाही. तुमच्या पोरीची पहिली नोकरी आहे, असं आबा म्हणाले. मी असं कसं करू?"

"पण कादरभाई, तो बैल नाही."

"ते तुम्हाला वाटतं," कादरभाई मायेनं म्हणाले.

फैसलनं फोन परत घेतला. दुसरा चार्जर उद्या दुकान उघडलं की पाठवतो, म्हणाला. दुकान उघडणार, एसटी सुटणार, धुळ्याला पोहोचणार. तोवर दुपार. सरांनी एरंडोलला फोन लावला. आबांना यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. "नवं दावं आपन आनानं ऱ्हास, जवाईबापू. हाई सांगनं पडस का?"

मृणालीनं बॅटरी पाहिली. निम्म्याहून थोडी जास्त होती. तिनं मशीन बंद केलं, झाकण मिटवलं आणि त्यावर टॉवेल टाकला. "कुणी उघडायचं नाही," ती म्हणाली. त्या संध्याकाळी घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू टॉवेलखाली तान्हं मूल होतं.

जेवताना ती म्हणाली, "मोईजदादाला मेसेज करू?"

"नको."

"त्याच्याकडे असेल, पप्पा."

"सकाळी बघू."

ती ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. ती भांडली असती तर सरांना उत्तर देता आलं असतं.

सोमवारी सरांचा साडेआठचा तास होता. तो बुडाला. तास बुडाला की पैसेही बुडतात, पण ते मिळायचे होते केव्हा, हेही निश्चित नसल्यामुळं दुःख जरा लांबणीवर टाकता येत होतं. पूल ओलांडून ते गावात गेले. एका दुकानाचं शटर बंद. दुसऱ्याचं अर्धं उघडं, पण आत फक्त झाडू मारणारी बाई. तिसऱ्यानं चार्जर दाखवला, त्याची पिन चपटी. ह्या बैलाला गोल लागत होती. चौथ्यानं, "सर, मोईजकडे का नाही बघत? तुमच्या घराशेजारीच आहे," असं विचारलं. तोही त्यांचाच विद्यार्थी होता.

परत पूल ओलांडताना पावणेदहा वाजून गेले होते. आपण मुलीच्या नोकरीची बॅटरी आपल्या संकोचावर खर्च करतोय, हे सरांना पुलाच्या साधारण मध्यावर लक्षात आलं. मग मात्र ते भराभर चालले.

मोईज दुकानावरच राहायचा. जिन्यात उभा राहून दात घासत होता.

"सर! आज तास नाही?"

"चार्जर हवा होता."

"कशाचा?"

"लॅपटॉपचा."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मोईजनं चूळ भरली. सावकाश. "मित्राचा नाही?"

"नाही."

"जळगावचा ना? फैसलचा रात्रीच फोन आला होता, सर. धुळ्याचे बाविस्कर म्हणून आहेत, त्यांना चार्जर दे म्हणाला. नाव ऐकलं आणि कळलं, आपले सर. मी वाट बघत होतो. आम्ही दोघं माल एकाच माणसाकडून आणतो."

सरांना बसावंसं वाटलं, पण जिन्यात खुर्ची नव्हती आणि मोईजनं या वेळी पुसून दिली नाही. त्यानं शटर वर केलं, ड्रॉवरमधून चार्जर काढला, पिन उजेडात धरून सरांना दाखवली. गोल. मग किंमत सांगितली. आबांनी रुमालाखाली जेवढं वाचवलं होतं, ते जवळपास सगळं त्यात जात होतं.

सरांनी खिशात हात घातला.

"काय सर, लगेच?" मोईज म्हणाला. "तुम्हीच शिकवलं होतं. गरज अडली की गिऱ्हाईक किंमत बघत नाही. काय म्हणतात त्याला?"

"अलवचिक मागणी."

"तेच. दोन्ही वेळेला मी त्यातच गेलो होतो." तो हसला नाही. "जरा घासाघीस करा की, सर. माझ्याशी करता येत नाही म्हणून जळगावला गेलात. आता कुणी बघत नाहीये."

योगराजांनी आजूबाजूला पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि एक आकडा म्हटला. तो फारच भित्रा होता.

"हे काय, सर? खाली या अजून."

ते खाली आले. मोईज वर गेला. सर आणखी थोडे खाली आले, आणि बोलता बोलता म्हणून गेले, "जुनाच आहे ना तो? वायर बघ, पिळलीय." मोईजला एकदम आनंद झाला. "हां! आता कसं!" दोघं मध्ये कुठंतरी थांबले. वीस वर्षांत सरांच्या हातून झालेला हा पहिला सौदा. तो त्यांनी दात घासायच्या ब्रशाला साक्षी ठेवून केला.

"पोरीला सांगा, उजव्या बाजूनं हवा लागू द्यायची," मोईज मागून ओरडला. "तो तापतो!"

घरी पोहोचले तेव्हा दहा वाजून बरीच मिनिटं झाली होती. मृणाली केस नीट विंचरून, वर चांगला कुर्ता आणि खाली घरातलाच पायजमा घालून टेबलाशी बसली होती. पुण्यातला एक तरुण आवाज तिच्या मशीनच्या आत काहीतरी शोधत होता. बॅटरीच्या खुणेचा रंग लाल झाला होता. तिनं सरांकडे पाहिलं नाही, फक्त हात मागं केला. सरांनी त्यात वायरचं टोक दिलं.

दुसरं टोक कुठंच पुरेना. टेबलाजवळचा प्लग गणपतीपासून बंद होता. दुरुस्त करायचं, असं सर तेव्हापासून म्हणत होते. चालू होता तो स्वयंपाकघरातला, मिक्सरचा. प्रमिलानं मिक्सरची पिन उपटली, अर्धी वाटलेली चटणी तशीच ठेवली, आणि मृणाली लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, बोलता बोलता, ओट्यापर्यंत चालत गेली.

"मॅडम, तुमची बॅकग्राउंड हलतेय," आवाज म्हणाला.

"फॅनमुळे, सर," मृणाली म्हणाली.

पिन बसली. क्षणभर काहीच झालं नाही. मग लाल खूण गेली.

"ओके," आवाज म्हणाला. "मशीन जुनं आहे, पण चालेल. ट्रेनिंग सुरू करू या. मध्ये उठू नका."

मृणाली ओट्याशी, डबे काढायच्या शिडीवर बसली आणि तिनं वही उघडली. प्रमिला चटणीसाठी पाटा शोधायला गेली. सर उंबऱ्यात उभे होते. पाय दुखत होते. अकराचा तास अजून गाठता आला असता, आणि मुख्य म्हणजे न गाठायला काही कारण उरलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी फोन वाजला. एरंडोल.

"काय जवाईबापू, बांधं का नवं दावं?"

"बांधलं, आबा."

"कोठे?"

"मिक्सरच्या खुंटीला."

पान चघळल्याचा आवाज येत होता.

"बठना का?"

"बसला नाही. ट्रेनिंगला उभा आहे."

"मंग आते तो कोठे जास," आबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

सर कॉलेजकडे वळले. मोईजच्या दुकानावरून जाताना आज त्यांनी रस्ता बदलला नाही. मोईजनं काउंटरमागूनच हात वर केला. समोर एक गिऱ्हाईक होतं. "आपले सर," तो त्याला म्हणाला. "सांभाळून रे. फार घासतात."